कंगव्याने निवडलेला कूलर

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चपला दाराबाहेर काढून, पाणीबिणी काही न घेता, सरळ माझ्या कॉम्प्युटरसमोर जमिनीवर बसले. शर्टाच्या खिशातून एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला. त्याचं टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवलं, लाकडी मूठ डाव्या कानाजवळच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटून घेतले. काय होतंय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मोकळा हात वर केला.

"थांबा ताई. ती बोलून राहिली."

ती म्हणजे मशीन. काकांच्या लेखी सगळी यंत्रं बाईमाणसं होती आणि प्रत्येकीला काहीतरी सांगायचं असायचं. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, जो बिघडलेली वस्तू उघडण्याआधी तिची नीट विचारपूस करतो. आमच्या बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात हे काका होते. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. पत्ता विचारला तर लोक म्हणायचे, "लूमवाले कॉम्प्युटरवाले का? पुढच्या वळणावर, निळं दार."

या नावामागे खरी गोष्ट होती. काकांनी तरुणपणापासून पॉवरलूमच्या शेडमध्ये मिस्तरी म्हणून काम केलं. साठ लूम एकदम खडखडत असताना दारात उभं राहून ते सांगायचे, की तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी आडवं सूत नेणारा धोटा अडखळतोय. त्या खडखडाटात त्यांचा उजवा कान गेला. याचं त्यांना वाईट वाटायचं का, कुणास ठाऊक. विचारलं तर म्हणायचे, "एक लूमला दिला, एक माझ्याकडे ठेवला. बरोबर वाटणी झाली."

कॉम्प्युटरकडे ते मुलीमुळे वळले. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि दुकानदाराने तो इंदूरला पाठवावा लागेल असं सांगितलं, तेव्हा काकांनी तो घरीच उघडला. आत फक्त एक पंखा जाम झाला होता. "ताई, मला इतकं हसू आलं," ते सांगायचे, "पंख्यासाठी इंदूर?"

आता मी त्यांना का बोलावलं ते सांगते. मी लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करते. बुऱ्हाणपूर आणि आसपासच्या गावांतले फोटोग्राफर मला तासन्‌तासांचं चित्रीकरण आणून देतात आणि मी त्यातून पाहण्याजोगा असा तासाभराचा व्हिडिओ काढते. या जड कामासाठी कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड नावाचं वेगळं कार्ड लागतं. माझं कार्ड कामाला चांगलं होतं, पण तापलं की त्याचा छोटा पंखा असा काही सुटायचा की शेजारीण विचारायची, "मिक्सरमध्ये रोज काय वाटता हो?"

वर्षभर मी तो आवाज सहन केला. मग बाबांना लकवा झाला.

बाबा कागद कारखान्यात फोरमन होते. यंत्रं चालू असताना या टोकाच्या माणसाला त्या टोकावरून हाक मारायची, अशी त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर घरातही ते त्याच आवाजात मीठ मागायचे. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. राहिली ती बारीकशी कुजबुज. आमच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, दुसरीत खिडकीजवळ बाबांची खाट आणि समोरच्या भिंतीला माझं टेबल. काम करताना माझी पाठ त्यांच्याकडे असायची.

एका दुपारी हळदीच्या गाण्यांवर काम करत होते. कार्डाचा पंखा पूर्ण जोरात होता. चहासाठी उठले आणि वळून पाहिलं, तर चादर ओली झाली होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मला हाका मारल्या होत्या. किती, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी चादर बदलली, त्यांना पुसलं. पुढचे दोन-तीन दिवस ते पाणी कमी पिऊ लागले. का, ते मला उशिरा समजलं, आणि समजलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन मी थोडी रडले.

मी त्यांना वाजवायला घंटी आणून दिली. "मी काय देवळात बसलोय?" असं कुजबुजून त्यांनी ती डाव्या हाताने खाटेखाली टाकली. बाजारातल्या दुकानात विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, नवं कार्ड घ्या. ते मला झेपणारं नव्हतं. मग म्हणाला, "हेडफोन लावा मॅडम, आवाज येणारच नाही." मी त्याला काय सांगणार?

तर अशा वेळी काका आले आणि पेचकस कानाला लावून बसले. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग झाकण उघडलं, टॉर्च मारला, आणि फिरत्या पंख्याच्या मधोमध अलगद बोट टेकवलं. पंखा थांबला. खोलीत एकदम शांतता झाली.

त्या शांततेत खाटेवरून आवाज आला, "अगं, कोण आलंय?"

बाबा हे केव्हापासून विचारत होते, देव जाणे. मी वळले. काकाही वळले, आणि पहिल्यांदाच त्यांनी खाटेकडे नीट पाहिलं. बोट पंख्यावर तसंच होतं. जास्त वेळ धरून चालणार नव्हतं, कार्ड तापलं असतं. त्यांनी बोट काढलं, पुन्हा तो आवाज सुरू झाला आणि बाबांचे ओठ हलत राहिले.

काका उठले, खाटेपाशी गेले, डावा कान बाबांच्या तोंडाजवळ नेला आणि सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "ताई, कूलर बदलावा लागेल."

यावर बाबा काहीतरी कुजबुजले आणि काका मोठ्याने हसले. "दादा म्हणून राहिले, घरात आहे की कूलर, मागच्या साली तर नवीन गवत भरलं."

आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीत बसणारा, पाण्याचा, गवताच्या जाळ्यांचा. ग्राफिक्स कार्डालाही स्वतःचा कूलर असतो, तो काढून दुसरा, शांत कूलर बसवता येतो, हे मलाही तेव्हाच कळलं. ही बातमी गल्लीत अशी फिरली की दोन दिवसांनी शेजारणीने निरोप पाठवला, जुना कूलर विकायचा असेल तर आधी आम्हाला सांगा.

निवड करायला काकांनी तीन आठवडे घेतले. मला घाई होती. लग्नसराई तोंडावर आली होती. पण घाई केली की ते म्हणायचे, "कोणाची वरात खोळंबली का?" खरं तर बऱ्याच वराती माझ्या कॉम्प्युटरमध्ये खोळंबल्या होत्या, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पहिला विचार बिनपंख्याच्या कूलरचा झाला. नुसती तांब्याच्या नळ्यांची आणि पत्र्यांची मोठी जुडी, आवाज शून्य. मला तर फोटो पाहूनच तो आवडला. काकांनी मान हलवली. "ताई, हा थंड गावाचा जावई. आपल्या मे महिन्यात इथे आणला तर चार दिवसांत माहेरी पळून जाईल." जावयाला माहेर कसं, हे मी विचारलं नाही. पुढे म्हणाले, "आवाज मेला पाहिजे, हवा नाही." हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं, की बाबाही ते ओठांनी म्हणू लागले.

दुसरा होता तीन पंख्यांचा. त्याची लांबी-रुंदी मी इंटरनेटवरून लिहून दिली. काकांनी उदबत्तीच्या पुड्यांचा पुठ्ठा कापून, चिकटवून हुबेहूब त्या मापाचा कूलर बनवला आणि कॅबिनेटमध्ये बसवून पाहिला. झाकण लागेना. "उघडंच ठेवू," मी म्हटलं.

"ठेवा. उंदीर येऊन लग्न पाहतील."

असे पुठ्ठ्याचे पाच कूलर झाले. बाबांच्या खाटेशेजारच्या फळीवर ते ओळीने मांडलेले असायचे, आणि येणारा-जाणारा विचारायचा, हे कुठल्या देवाचं मखर.

तिसऱ्याच्या वेळी आमचं भांडण झालं. परदेशातल्या सगळ्या परीक्षणांत पहिला आलेला कूलर मी काढून दाखवला. पत्रे अगदी दाट, नळ्या सहा, कौतुकच कौतुक. मी ते काकांना मराठीत वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग खिशातून कंगवा काढला. केस विंचरायचा, साधा काळा. स्क्रीनवरच्या फोटोला तो लावून म्हणाले, "यातून हा जाईल का?"

"काका, त्यात कंगवा कशाला घालायचा?"

त्यांनी माझ्या कार्डाच्या पंख्याखालून चिमटीने एक करडी गादी ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मऊ, जाड, चांगली बोटभर. आजूबाजूला दिवसभर लूम चालतात. सुताचा भुगा हवेत उडतो, खिडकीतून येतो, दोरीवरच्या कपड्यांवर बसतो, आणि पंखा जिथे हवा ओढतो तिथे जाऊन जमतो.

"ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्या घराशेजारी लूम नाही ना," काका म्हणाले. "दाट पत्रे दोन महिन्यांत बुजतील. मग पंखा पळेल, आवाज पुन्हा तोच. पत्रे विरळ पाहिजेत. कंगवा फिरला पाहिजे, म्हणजे महिन्यातून एकदा तिची वेणीफणी करता येईल."

मग आम्ही विरळ पत्र्यांचे कूलर शोधायला लागलो. असा एक सापडला. दिसायला ओबडधोबड, कौतुक बेताचं, आणि त्याच्याबरोबर पंखे येत नव्हते, आपले आपण लावायचे. काका खूश झाले. पंख्यांचं एक पोतं त्यांच्याकडे होतंच.

आता पंख्यांची निवड. मी पुन्हा इंटरनेट उघडलं आणि कुठला पंखा किती डेसिबल ते वहीत उतरवायला लागले. काकांनी वही बाजूला सारली. "ते माप त्यांच्या खोलीतलं. आपलं माप ते," असं म्हणून त्यांनी खाटेकडे बोट केलं.

त्यांची पद्धत अशी. मी रोजच्यासारखं पाठ करून टेबलाशी बसायचं. काका कॅबिनेटच्या जागी दोन पंखे ठेवून चालू करायचे, वेग कमी-जास्त करायचे. बाबांनी खाटेवरून काहीतरी बोलायचं. मला ऐकू आलं तर मी ते पुन्हा म्हणून दाखवायचं. नाही आलं, तर पंखा नापास.

बाबांना डॉक्टरांनी बोलण्याचे व्यायाम दिले होते. आ, ई, ऊ म्हणायचं. बाबांनी ते एकदाही केले नव्हते. "मी काय बालवाडीत आहे?" पण पंख्यांच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बसवल्यावर त्यांच्यात एकदम फोरमन जागा झाला. दुपारी तीन वाजले की ते उशीला टेकून तयार. केस विंचरून मागायचे.

पहिल्या दिवशी ते भाज्यांची नावं म्हणाले. दुसऱ्या दिवशी तक्रारींवर आले.

"भाजीत मीठ नव्हतं," मागून आवाज.

"भाजीत मीठ नव्हतं," मी म्हटलं.

"पास," काका म्हणाले.

"परवाही नव्हतं."

"परवाही नव्हतं."

"हिच्या आईच्या हाताला चव होती."

हे मात्र मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. काकांनी लगेच पंखा बदलायला घेतला, तेव्हा मला कबूल करावं लागलं.

दहा-बारा दिवस हे चाललं. एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. सकाळी चहा मागताना बाबांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागला होता, आणि दुपारी तीनच्या परीक्षेत मात्र चांगले चांगले पंखे धडाधड नापास होत होते. एकदा सगळ्यात मोठा, सगळ्यात हळू फिरणारा, जवळजवळ निःशब्द पंखा नापास झाला तेव्हा मी चक्रावून वळले. बाबा निरागस चेहऱ्याने छताकडे पाहत होते.

जाताना काका दारात चपला घालत हळूच म्हणाले, "दादा लबाडी करून राहिले."

"म्हणजे?"

"नुसते ओठ हलवतात. आवाज काढतच नाहीत. लूमच्या शेडमध्ये आम्ही सगळे ओठ पाहूनच बोलायचो, ताई. मला समजते."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

काका दुसऱ्या पायात चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावत होते. "परीक्षा संपली तर उद्या तीनला मी कुठे जाऊ?"

त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन सुरतला होती. हे मला माहीत होतं, पण तोवर मी त्याचा कधी विचार केला नव्हता. मी म्हटलं, "परीक्षा संपली तरी तीनला चहा असतो आमच्याकडे." त्यांनी मान डोलावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो मोठा, हळू फिरणारा पंखा पहिल्या फटक्यात पास झाला. बाबांना कोणी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

कूलर कुरिअरने आला त्या दिवशी काका पांढरा शर्ट घालून आले. कार्ड काढून त्यांनी खाटेवरच, बाबांच्या मांडीशेजारी वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. मागचे चार स्क्रू काढले, जुना कूलर हलवून हलवून सोडवला. मधल्या चिपवरचा, उष्णता कूलरकडे नेणारा लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून नवा लेप लावला, तांदळाच्या दाण्याएवढा. आजूबाजूच्या मेमरीच्या चिपांवर छोटे छोटे पत्रे चिकटवले. "हिला टिकल्या," ते म्हणाले. मग नवा कूलर, मग दोन पंखे. एकेक स्क्रू काढला की बाबांच्या डाव्या मुठीत ठेवायचे, लागला की मागून घ्यायचे. बाबांनी एकही हरवला नाही.

सगळं बसवून त्यांनी बटण दाबलं. आवाज आला नाही. चित्रही आलं नाही. स्क्रीन काळी.

"फारच शांत झाली," बाबा कुजबुजले.

कोणी हसलं नाही. काकांचा चेहरा उतरला. त्या कार्डावर माझी सगळी लग्नसराई होती आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. काळी. पेचकस कानाला लावला, पण ती काही बोलतच नव्हती. काका खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "ताई, माझ्या हातून गेली का हो?" असं इतक्या लहान आवाजात म्हणाले, की मला बाबांचा आवाज त्याहून मोठा वाटला.

आणि खरंच बाबांचाच आवाज आला. "ती वायर."

कार्डाला वीज देणारी जाड वायर कॅबिनेटमध्ये तशीच लोंबत होती. काका ती लावायला विसरले होते. खाटेवरून ती बाबांना स्पष्ट दिसत होती. आम्ही दोघं कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसलो होतो, आम्हाला दिसली नाही.

वायर लावली. चित्र आलं. मी मुद्दाम सगळ्यात जड काम लावलं, एका वरातीचं, आणि आम्ही तिघं तास-दीड तास नुसते बसून राहिलो. कार्डाच्या उष्णतेचा आकडा चढला, थांबला, आधीच्यापेक्षा पुष्कळ खाली. पंखे फिरत होते हे पाहून कळत होतं, ऐकून नाही. मला कितीतरी दिवसांनी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. बाबांचा श्वास ऐकू आला. आणि पलीकडच्या गल्लीतली लूमची खडखड, जी मी पार विसरले होते.

"हिचं काही करता येईल का?" मी काकांना विचारलं.

"तिच्यावर पोट आहे लोकांचं. राहू द्या."

त्यानंतर दोन वर्षं काका जवळजवळ रोज तीनला येत. महिन्यातून एकदा कूलरमधून कंगवा फिरवायचे. बाकीचे दिवस चहा. अर्ध्या आवाजाचा एक माणूस आणि अर्ध्या कानाचा दुसरा, पण त्यांच्या गप्पा संपता संपत नसत. मी पाठ करून काम करत असे आणि मला सगळं ऐकू येई. कारखान्यात कोण कसा होता, शेडमध्ये कोण कसा होता, आणि माझ्या भाजीत मीठ कसं नसतं.

मग सुरतहून मुलीने हट्टच धरला. काकांना मोतीबिंदू झाला होता, एकटं राहणं बरं नव्हतं. त्यांनी पंख्यांचं पोतं एका ओळखीच्या मेकॅनिकला दिलं, दुकान रिकामं केलं. जायच्या दिवशी सकाळी मी बस स्टँडवर गेले. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि ओल्या गोणपाटात बांधलेले केळीचे तीन मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं. आदल्या दिवशी जवळच्या फोपनार गावी जाऊन ते भावाच्या शेतातून काढून आणले होते. मुलीच्या घरामागे हातभर जागा आहे, तिथे लावायचे.

कंडक्टर म्हणाला, हे टपावर टाका. काका म्हणाले, ऊन लागेल. कंडक्टर म्हणाला, केळीला ऊन लागतं का कधी. दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी काकांनी मुनवे मांडीवर घेतले आणि खिडकीशी बसले. माझ्याशी बोलायला वेळच उरला नाही. बस हलली तेव्हा ते काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि ओठ वाचायला मला येत नाही. मी हात हलवला. बस वळेपर्यंत खिडकीतून एका मुनव्याचं गुंडाळलेलं, कोवळं पान बाहेर डोकावत होतं.

घरी आले तेव्हा बाबा जागेच होते.

"गेला?"

"गेले."

"खिडकी मिळाली का?"

"मिळाली."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि जरा वेळाने, "सावलीची बाजू होती ना?"

हे पाहायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हो म्हटलं.